पोट्टे नवनवे शब्द काढतात, म्हणून त्यांची मराठी बिघडते का?

भाऊ, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा सहावीत, शाळा दारव्ह्याजवळच्या गावातली, घरी नीट बोलतो, पण मित्र अंगणात आले की "सीन नको करू बे", "हा तं पूरा बॉट आहे", "याची थ्री फेज आली पाय" असलं काहीबाही सुरू होतं. आजीले त्यातलं काहीच कळत नाही, तुम्हाले अर्धं कळतं, आणि दिवाळीत पुण्याहून आलेल्या तुमच्या मोठ्या भावानं सांगितलं की पोराची भाषा हाताबाहेर चालली, आताच आवरा. तुमचं विचारणं आहे की हे शब्द घरात बंदच करावे का.

मी यवतमाळ जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, बरीच वर्षं झाली, वर्ग बहुतेक पाचवी ते सातवीचे आणि विषय भाषा. म्हणून जरा लांबच लिहिते.

तुमच्या प्रश्नात मला तीन प्रश्न गुंतलेले दिसतात आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. नवे शब्द काढल्यानं मुलाची भाषा बिघडते का, याचं उत्तर नाही. त्याचं बोलणं मला कळेनासं झालं याचं काय, तर ते खरंच झालंय आणि तेच त्या शब्दांचं काम आहे, पोरांनी ते तुमच्यासाठी काढलेलेच नाहीत. तिसरं तुम्ही लिहिलं नाही पण मला ऐकू आलं, की मोठ्या भावाले जे खटकलं त्यातलं किती त्या नव्या शब्दांचं आणि किती आपल्या वऱ्हाडीचं. त्याच्यावर शेवटी येते.

आधी हे सांगते की हे सगळं मूल कसं आहे त्याच्यावर अवलंबून असतं. अकरा-बारा वर्षांचं पोरगं मित्रांत एक बोलतं, आजीशी दुसरं, आणि शाळेत उभं राहून तिसरं, तर काळजीचं काहीच नाही. पण एखादं मूल कुणाही समोर तेच बोलत असेल, त्याला दुसऱ्या तऱ्हेनं सांगताच येत नसेल, किंवा मुळात बोलायलाच उशिरा लागलं असेल, ऐकू कमी येत असेल, तर ती गोष्ट निराळी, तिथं शब्द नवे की जुने हा मुद्दाच नाही. तुम्ही लिहिलंय की घरी नीट बोलतो, म्हणून मी पहिल्या जातीचं मूल धरून पुढं लिहिते.

आता शब्द तयार कसा होतो ते एका शब्दावरून सांगते, कारण तो माझ्या डोळ्यासमोर जन्मला आणि मेला. आपल्याकडं डीपी म्हणजे काय हे तुम्हाले सांगायला नको, गावाबाहेरचं रोहित्र. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत आमच्या गावची डीपी उडाली, नवी काही लवकर येईना, घरोघरी तोच विषय. त्याच आठवड्यात शाळेतले एक सर कशावरून तरी भडकले आणि मागच्या बाकावरची पाचवीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "सरची डीपी उडाली." झालं. दुसऱ्या दिवशी वर्गभर, मग शाळाभर. कोणी चिडलं की डीपी उडाली. मग एक पोट्टा फळ्यावर भागाकार करता करता अडकला आणि स्वतःच म्हणाला, "माही डीपी उडाली, मॅडम," म्हणजे रागाचा शब्द आता डोकं बंद पडण्यालाही लागू झाला. त्यानंतर उठसूट चिडणाऱ्या पोराचं नाव डीप्या पडलं. आणि थोड्या दिवसांनी मी पोरींच्या भांडणात ऐकलं, "मले जास्त डीपवू नको, सांगून ठेवते."

हे डीपवणं ऐकून मी खरंच थांबले. चिडवणं, रडवणं, पळवणं यातला जो व आहे तो त्या पोरीनं उचलून इंग्रजी अक्षरांच्या तुकड्याला लावला, आणि अर्थही बरोब्बर, म्हणजे दुसऱ्याची डीपी उडेल असं करणं. प्रयोजक क्रियापद हे नाव तिनं तोवर ऐकलेलं नव्हतं. डीप्या मधला या सुद्धा तसाच, टकल्या, ढेऱ्या, गण्या यातला, थोडा हिणवणारा थोडा लाडाचा. कोणी पोट्ट्यानं "डीपीर" किंवा "डीपीडू" केलं नाही. शब्द नवा होता पण साचा सगळा मराठीचा.

मुलं असं करू शकतात हे तपासायचा एक जुना प्रयोग आहे. १९५८ साली जीन बर्को नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव वग, आणि विचारलं की आता असे दोन आले तर काय म्हणाल. मुलांनी तो शब्द आधी कधी ऐकलेलाच नव्हता तरी अनेकवचन बरोबर केलं. म्हणजे मूल नुसतं ऐकलेलं परत बोलत नाही, त्याच्याकडं नियम असतात. मी हे पहिली-दुसरीच्या पोरांसोबत मराठीत करते आणि मराठीत तर जास्तच मजा येते. फळ्यावर काहीतरी गोल पोटाचं काढायचं आणि म्हणायचं हा डुंबा. दोन काढले की पोट्टे ओरडतात डुंबे. त्याची बायको? डुंबी. दोन बायका? डुंब्या. आणि मग विचारायचं, हे पानी कोणाले देऊ? सगळे एका सुरात, "डुंब्याले!" कोणीही डुंबाले म्हणत नाही हो. घोडा-घोड्याले, कुत्रा-कुत्र्याले हे सामान्यरूप परदेशी माणसाला शिकवायला जीव जातो आणि आपलं सहा वर्षांचं पोरगं कधीच न ऐकलेल्या शब्दाला लावून मोकळं होतं. याच वयात मुलं "मी काम करलं" सुद्धा म्हणतात. ऐकायला चूक, पण घरात सगळे केलं म्हणत असताना हे करलं आलं कुठून? बसलं, पडलं, उठलं यावरून त्यानंच बनवलं. हळूहळू केलं येतं आणि करलं जातं, कोणी रागवो न रागवो.

आणि नुसते सुटे शब्दच नाही, वेळ पडली तर मुलं अख्खी भाषा उभी करतात, याचंही उदाहरण आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा नावाचा छोटा देश आहे, तिथं राजधानी मानाग्वामध्ये १९७७ साली बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. तोवर ही मुलं आपापल्या घरात एकटी होती, घरच्यांशी हातवाऱ्यांनी भागवायची. शाळेत शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवत होते, ते फारसं जमलं नाही. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी घरचे हातवारे एकमेकांत मिसळले, पुढं लहान वयात दाखल झालेल्या मुलांनी त्यात नियम आणले, आणि ऐंशीच्या दशकात भाषाशास्त्रज्ञ तिथं पोचले तेव्हा जगात आधी नसलेली एक खुणांची भाषा त्यांच्यासमोर चालू होती. शिक्षकांना तिच्यातलं काही कळत नव्हतं! मला हे वाचून आमच्या स्टाफरूमची आठवण आली.

तुमच्या पोराचे शब्द येतात कुठून, तर त्याच्या आजूबाजूला जे आहे तिथूनच. थ्री फेज घ्या. वावरातल्या मोटारीले थ्री फेज पाळीपाळीनं येते, ती आली की अख्खं गाव पळत सुटतं, रात्रीचे दोन असो की तीन. म्हणून अंगात एकदम जोर आलेल्या पोराची थ्री फेज आली. ज्याचं काम धीमं तो सिंगल फेज. हा शब्द पुण्यात तयारच झाला नसता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली होती तुम्हाले आठवत असेल, बोंड बाहेरून चांगलं आणि आत काही नाही. त्या वर्षी वर्गात, डबा बाहेरून बंद ठेवून आतली भाजी गायब करणाऱ्या एका पोराला सगळे बोंडअळी म्हणायचे. त्यातल्या कितीकांच्या घरचं पीक गेलेलं होतं आणि तेच पोट्टे सगळ्यात मोठ्यानं हसत होते.

बॉट मात्र मोबाइलवरच्या खेळातून आला. खेळात जो खरा माणूस नसतो, कंपनीनं सोडलेला बिनडोक खेळाडू असतो, तो बॉट, त्याला कोणीही मारतं. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं बंदी घातली, तेव्हा तुमचं पोरगं अगदी लहान असेल, तरी त्या जातीच्या खेळांतले शब्द गावात राहिले आणि ज्यानं खेळ हातातही घेतला नाही तो सुद्धा आज दुसऱ्याला बॉट म्हणतो. म्हणजे बॉट म्हणतो म्हणून तो रात्रंदिवस खेळतोच असं धरू नका, ते वेगळं तपासा.

तिसरं ठिकाण म्हणजे एकमेकांच्या घरच्या भाषा, आणि याच्याकडं आपलं लक्षच नसतं. आमच्या एका वर्गात गावातली वऱ्हाडी बोलणारी मुलं, तांड्यावरची गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी, पोडावरची म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची कोलामी बोलणारी आणि काही गोंड घरातली असतात. यातली कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूला जवळच्या, तर गोरमाटी आर्य कुळातली. वर मेळघाटात गेलात तर कोरकू आणखी तिसऱ्याच कुळातली, मुंडा. मास्तर वर्गात प्रमाण मराठी बोलतो आणि मधल्या सुट्टीत ही सगळी मुलं मिळून वेगळंच काहीतरी बोलतात. दचकलं की आमच्या शाळेत सगळी पोरं "याडी!" म्हणतात, आणि याडी म्हणजे गोरमाटीत आई. कुणबी घरातल्या पोराच्या तोंडी तो शब्द कोणी शिकवून बसवलेला नाही, विटीदांडू खेळता खेळता बसला. मला विचाराल तर शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा हे मोठं काम झालं.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडं येते, की कळत नाही. कळू नये हीच तर त्याची गंमत आहे. आपण नव्हतो का च ची भाषा बोलत? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढं च लावायचा. पाणीचं चणीपा, शाळेतचं चळेतशा, मास्तर आलाचं चस्तरमा चलाआ. माझ्या आत्याबाई ही भाषा इतकी झरझर बोलायच्या की आजोबा चिडून उठून जायचे. वाचायला अडखळणाऱ्या पोरांना मी ही भाषा मुद्दाम खेळायला लावते, कारण शब्द ऐकून त्याचे तुकडे करता आल्याशिवाय ती बोलताच येत नाही आणि वाचायलाही नेमकं तेच लागतं. आजच्या पोरांनी च च्या ऐवजी बॉट आणि सीन घेतले, हेतू तोच.

आणि शब्द आपला-परका ओळखायचं काम करतात. अमेरिकेत विल्यम लबॉव नावाचे भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९६३ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावरचा अभ्यास छापला. उन्हाळ्यात तिथं पैसेवाले पर्यटक येऊन गर्दी करायचे. बेटावरच राहायचं ठरवलेल्या लोकांचे काही स्वर हे बाहेर जायचं मनात असलेल्यांपेक्षा जास्त ठळक बेटाचे होते. कोणी मुद्दाम करत नव्हतं, पण मी इथला हे उच्चारातून सांगितलं जात होतं. सहावीचं पोरगं घरातून सुटून मित्रांत शिरायच्या वयाचं असतं, त्याला मी यांच्यातला हे सांगायला काहीतरी लागतं, आणि शब्दाला पैसे पडत नाहीत.

म्हणूनच असा शब्द मोठ्यांनी उचलला की मरतो. आमच्या डीपीचं तेच झालं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गावचे एक पुढारी सरांना हसत म्हणाले, "सर, डीपी उडू देऊ नका बरं," सगळे हसले, खिडकीतून पोट्टे ऐकत होते. त्यानंतर तो शब्द मी पोरांच्या तोंडून फारसा ऐकला नाही. मोठी माणसं अजून म्हणतात. पोरांच्या अशा शब्दाचं आयुष्य पिकलेल्या सीताफळाएवढंच.

पण सगळेच शब्द मरत नाहीत. ज्याच्याशिवाय काम अडतं तो राहतो. "फोनपे मार" हे आता सत्तर वर्षांचा किराणावालाही म्हणतो, झेरॉक्स तर कधीचाच मराठी झाला, आणि वावरात खड्डा खणायला कुठल्याही कंपनीचं मशीन आलं तरी ती जेसीबीच. उलट चांगलं-वाईट म्हणायचे शब्द लवकर झिजतात, कारण रोज वापरून त्यांचा जोर जातो. फक्कड झिजला, झकास आला, मग भन्नाट, मग कडक, आता आमच्याकडं भाजी चांगली झाली तर "खतरनाक झाली". तुमच्या भावाले हे विचित्र वाटत असेल तर त्यांना विचारा की "भयंकर आवडलं" आणि "भयंकर गोड" हे कोण म्हणतं. भयंकर मध्ये भय आहेच की.

उसन्या शब्दांचंही तसंच. पोरगं सकाळी हजेरीला "हजर" म्हणतं, पाठीवर दप्तर असतं, बापाचं काम तहसिलीत अडकलेलं असतं, आणि हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. पगार, चावी, बटाटा, घमेलं हे पोर्तुगीजांकडून. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द यावे म्हणून रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, महाराजांच्या शब्दाला केवढा मान, तरी वकील आणि तहसील आपल्या तोंडातून गेले नाहीत. दुसरीकडं सावरकरांनी सुचवलेले दिनांक आणि महापौर मात्र पक्के बसले. वरून आलेला शब्द टिकतच नाही असं नाही, पण शेवटचा कौल बोलणाऱ्याचा. टमाटा मूळचा अमेरिकेतला, आपल्याकडं आला आणि कोणीतरी त्याला भेदरं म्हणायला लागलं, सगळ्यांना पटलं, आज बाजारात भेदरं म्हटल्यावर कोणी हसत नाही. पहिल्यांदा जो म्हणाला असेल त्याच्या बापानं कपाळाला हात लावलाही असेल.

आता मोठ्या भावाचा मुद्दा. मला वाटतं त्यांच्या कानाला "याची थ्री फेज आली पाय" मधल्या थ्री फेजएवढंच ते "पाय", म्हणजे आपलं पाहा, खटकलं असणार. मले, तुले, काऊन, येऊन रायला, डोळ्याचा डोया. ही बिघडलेली पुणेरी नाही, ही आपल्या जागी नीट चाललेली बोली आहे, तिचे नियम आहेत. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली तिचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने वेगळे छापलेत. आणि मराठी गद्यातला आद्य ग्रंथ मानतात तो म्हाइंभटांचा लीळाचरित्र तेराव्या शतकात लिहिला गेला तो रिद्धपूरला, आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, त्यात हे रिद्धपूर किती जणांना आठवलं कोण जाणे.

तरी प्रमाण मराठी यायलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही, परीक्षा आहे, मुलाखत आहे, अर्ज आहे. ते शिकवायचं कसं हा प्रश्न. मी वहीत मधोमध रेघ मारायला लावते, एकीकडं घरचं, दुसरीकडं पुस्तकातलं. डोया–डोळा, काया–काळा, केयं–केळं, मले–मला. दहा-बारा जोड्या झाल्या की पोरं स्वतःच म्हणतात, मॅडम, आपल्या य च्या जागी त्यांचा ळ आहे. आणि मग दोन दिवस धमाल असते, कारण एखादा हुशार पोट्टा निबंधात लिहितो "माझ्या पाळाला लागले" आणि "आमची गाळ दूध देते". त्यानं नियम पकडला आणि जरा जास्तच लावला, करलं मध्ये होता तोच प्रकार. मी लाल पेन न मारता एवढंच विचारते, तुझी आई घरी गायीले काय म्हणते आणि पुस्तकात काय आहे? मग त्याच्या लक्षात येतं की काही य दोन्हीकडं यच असतात. अशा पोराला घरचं बोलणं सोडावं लागत नाही, एक आणखी येतं.

मग बंद काहीच करायचं नाही का? करायचं, पण शब्द नवा आहे म्हणून नाही. माझ्या वर्गात मी तीन ठिकाणी सरळ थांबवते. एखाद्याची जात, तांडा, पोड यावरून काढलेला शब्द, मग तो कितीही मजेशीर असो. कुणाच्या शरीरावरून किंवा तोतरेपणावरून काढलेला. आणि ज्याचा अर्थ पोराला स्वतःलाच माहीत नाही असा, कारण खेळताना हेडफोनमधून मोठ्या मुलांच्या शिव्या येतात आणि लहान पोरं त्या नुसत्या आवाजासारख्या उचलतात. तिथं मी रागवत नाही, सगळ्यांसमोरही नाही, बाजूला घेऊन विचारते, याचा अर्थ सांग. सांगता आला नाही तर अर्थ मीच सांगते, साध्या शब्दांत. बहुतेक पोरांचं तोंड उतरतं आणि तो शब्द निदान माझ्या कानावर पुन्हा येत नाही. वरचा बोंडअळी त्या पोराला स्वतःला आवडत होता, तोच शब्द दुसऱ्या कोणाला लावला असता तर रडला असता, म्हणून ज्याला म्हणतात त्याचं तोंड पाहायचं आणि ठरवायचं.

घरी तुम्ही काय कराल? सरसकट बंदी घालू नका, घातली तर तो तुमच्यासमोर गप्प होईल आणि तुम्हाले अर्धं कळतं तेही कळणार नाही. आणि त्याचे शब्द तुम्ही वापरूही नका, "काय रे बॉट" म्हणाल तर तो लाजेनं मरेल आणि आठवडाभरात नवा शब्द काढेल. (बंदच करायचा असेल एखादा शब्द तर मात्र हा उपाय अक्सीर आहे.) त्यापेक्षा अर्थ विचारा, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, आणि मग म्हणा की आता हेच आजीले समजेल असं सांग. "सीन करून रायला" हे आजीले सांगताना त्याला "उगीच नाटकं करून रायला" किंवा "लोकांना दाखवाले करून रायला" यातलं नेमकं काय म्हणायचंय ते ठरवावं लागतं. भाषेची ताकद तिथं वाढते. आजीकडं तिचेही शब्द असतील, ते त्यानं वर्गात नेले तर आणखी चांगलं, आमच्याकडं असाच एक "बह्याड", म्हणजे वेडपट, आजीकडून परत आला आणि सध्या जोरात आहे.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाही आणि मला त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावंसं वाटतं. त्याला रोज काहीही मोठ्यानं वाचायला लावा, पेपर, कृषी केंद्रातलं खताचं पत्रक, काहीही चालेल, आणि वाचून झाल्यावर त्यात काय होतं ते त्याच्या शब्दांत विचारा. भडाभडा वाचतो पण सांगता येत नाही, किंवा सहावीत असून जोडाक्षरावर अडखळतो, असं दिसलं तर ते बॉट-सीनमुळं नाही, त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. तसं काही असेल तर बोलायला कधी लागला, कानाचं काही दुखणं झालं होतं का आणि पहिली-दुसरीत शाळा किती बुडाली एवढं लिहून कळवा, मग त्याच्यावर वेगळं बोलू.